पेन्सिलीएवढी तार

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना यंत्रविषयातली माझी गती ठाऊक आहे. घरातला पंखा बंद पडला की मी आधी बटणाकडे, मग सौभाग्यवतींकडे आणि शेवटी खिडकीबाहेर पाहतो. असा माणूस ऐन दिवाळी अंकात मोटारीच्या बॅटरीवर आणि तारेच्या जाडीवर लिहायला बसला, तर वाचकांनी भुवया उंचावल्यास नवल नाही. पण माझ्या टेबलावर दोन तारांचे तुकडे आहेत. एक काडीसारखा बारीक. त्याचे प्लॅस्टिक एके ठिकाणी घासून तांबे उघडे पडले आहे. दुसरा पेन्सिलीएवढा जाड. या दोन तुकड्यांमधला फरक मला गेल्या दिवाळीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीट या गावी, वसुबारसेच्या रात्री दोन वाजता समजला.

कोरीट ही माझी सासुरवाडी. सासरे, म्हणजे आमचे आबा, जुने शेतकरी. त्यांना दम्याचा विकार आहे. दिवाळीच्या सुमारास नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. शहराच्या आसपास पथाऱ्यांवर मिरची वाळू लागते. पाहणाऱ्याला ते तांबडे गालिचे मोठे देखणे वाटतात. दमेकऱ्याला मात्र त्यांचा खाट लांबूनच कळतो. डॉक्टरांनी आबांना हंगामाचे काही आठवडे धुळीपासून दूर राहायला सांगितले होते. सौभाग्यवतींनी ठरवले की वडिलांना दिवाळीसाठी नाशिकला आणायचे. "लेकीच्या घरी दिवाळी?" असे म्हणून आबांनी आठ दिवस काढले. शेवटी ते तयार झाले ते शेजारच्या आग्रहाने नव्हे, तर नातवाने फोनवर एकच वाक्य सांगितल्याने. ते वाक्य त्या दोघांनी अजून आम्हाला सांगितलेले नाही.

कोरीटहून नाशिक म्हणजे दोंडाईचा, धुळे, मालेगाव असा चांगला पाच तासांचा रस्ता. वाटेत दम लागला तर वाफेचे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, जवळ असू द्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते यंत्र घरच्या विजेवर चालणारे. मोटारीत ते चालवायचे तर बॅटरीची १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करून देणारा लहानसा इन्व्हर्टर लागतो. मी तो ३०० वॅटचा आणला. सिगारेट पेटवायच्या खाचेत खोचून यंत्र लावले, तर तिथला फ्यूजच उडाला. मग कोणीतरी सांगितले की जोड थेट बॅटरीवरून घ्यावी. बॅटरी पुढे बोनेटखाली, आबा बसणार मागच्या सीटवर. मधले अंतर चार मीटर.

आता तार हवी. घरी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचे काम झाले होते, त्यातली एक चौरस मिलिमीटरची तार माळ्यावर शिल्लक होती. चांगली, नवी, तांब्याची तार! विकत कशाला आणायची? तार ती तार. मी स्वतः, चिरंजीवांच्या मदतीने, एका सुटीच्या दुपारी ती बसवली. बोनेटमागच्या पत्र्याला एक भोक होते, त्यातून आत घेतली. टोके पिळून बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळली. मग इन्व्हर्टरला मोबाइलचा चार्जर लावला. हिरवा दिवा लागला. चिरंजीवांनी टाळी वाजवली. सौभाग्यवतींनीही, लग्नानंतर बहुधा प्रथमच, माझ्याकडे कौतुकाने पाहिले.

त्या कौतुकाची मुदत पाच दिवसांची होती.

वसुबारसेला आम्ही कोरीटला पोचलो. सासूबाईंनी गायवासराची पूजा केली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी असे जेवण झाले, दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले. रात्री दोनच्या सुमारास आबांचा श्वास अडकला. खोलीबाहेरही ऐकू येईल अशी घरघर सुरू झाली. नेब्युलायझर लावायला गेलो तर गावातली वीज गेलेली. मी मनात म्हटले, हरकत नाही, याच प्रसंगासाठी आपण तयारी केली आहे. धाकट्या शालकांनी, खानदेशात मेहुण्याला शालक म्हणतात, आबांना धरून अंगणातल्या मोटारीत बसवले. सौभाग्यवतींनी त्यांच्या तोंडाला मास्क लावला. मी इंजिन सुरू केले आणि यंत्राचे बटण दाबले.

यंत्र एकदा घुरघुरले. इन्व्हर्टर 'टी-टी-टी' करून ओरडला. लाल दिवा लागला. यंत्र बंद.

पुन्हा दाबले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मास्कमधून वाफेचा एक धागासुद्धा आला नाही. आबांची नजर माझ्यावर होती. त्यांना बोलवत नव्हते. टॉर्च घेऊन शालक वाकले, सीटखालून गेलेल्या तारेला त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "दाजी, तार बारीक शे."

बस्स, एवढेच. पुढे बोलायला वेळ नव्हता. खिशातल्या पंपाने आबांना दोन-तीन झोत दिले आणि आम्ही नंदुरबारचा रस्ता धरला. तो रस्ता त्या रात्री मला नाशिकपेक्षा लांब वाटला. मागे सौभाग्यवती वडिलांच्या पाठीवरून हात फिरवीत होत्या आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हत्या. दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला, वाफ मिळाली, आणि उजाडता उजाडता आबांचा श्वास मोकळा झाला. तोंडावरचा मास्क बाजूला सारून त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "जावईबापू, विहिरीला केबल टाकताना आम्ही आधी अंतर मोजतो. तुम्ही काय मोजलं होतं?"

मी काहीच मोजले नव्हते. हिरवा दिवा लागला, एवढेच पाहिले होते.

आबांच्या त्या प्रश्नात सारे शास्त्र आहे. डीपीपासून विहीर लांब असली आणि शेतकऱ्याने बारीक केबल टाकली, की काय होते ते कोरीटच्या पोरालाही ठाऊक असते. मोटार गुरगुरते, पाणी उचलत नाही, तापते आणि एक दिवस जळते. मग रिवाइंडिंगचा खर्च पडतो, आणि तेवढ्यात पीक वाळते ते निराळेच. वीज तारेतून फुकट प्रवास करीत नाही. प्रत्येक मीटरला ती थोडा दाब वाटखर्च म्हणून देते. तार बारीक असेल तर वाटखर्च जास्त, लांब असेल तर आणखी जास्त. जर्मनीतल्या गेऑर्ग ओमने हा हिशेब १८२७ साली पुस्तकात मांडला. आमच्या आबांनी तो दोन मोटारी जाळून मिळवला आहे. मी मात्र माळ्यावरच्या तारेच्या मोहात दोन्ही गुरूंना मुकलो.

धनत्रयोदशीच्या सकाळी शालकांनी मला एका गॅरेजात नेले. तिथे गाड्यांचे वायरिंग करणारे एक वयस्क गृहस्थ होते; सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बोनेट उघडले, माझी कलाकृती पाहिली आणि विचारले, "सर, ही तर घरातल्या दिव्याची तार. हिला गाडीत कुणी बसवलं?"

मी म्हणालो, "होता एक मिस्त्री."

शालक दुसरीकडे बघू लागले.

चाचांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी १३.६ व्होल्ट. मागे इन्व्हर्टरपाशी, यंत्राची मोटार सुरू होऊ बघते त्या क्षणी, काटा साडेनऊवर आपटला. साडेदहाच्या खाली दाब गेला की माझा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे त्या बिचाऱ्याने त्याचे कर्तव्यच केले होते. तब्बल चार व्होल्ट वाटेतच खर्च झाले होते!

"पण हीच तार घरात इतकी वर्षं चालते की!" मी म्हणालो. तेव्हा चाचांनी जे समजावले ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण माझ्यासारखे शहरी गृहस्थ नेमके इथेच फसतात. आपली समजूत अशी, की बॅटरी बाराच व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणजे वीज गरीब. गरिबाला बारीक तार पुरे. खरे आहे ते उलट. आमच्या यंत्राला १५० वॅट लागतात. घरच्या २३० व्होल्टवर त्यासाठी पाऊण अँपियरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो. तेच काम १२ व्होल्टकडून करून घ्यायचे तर साडेबारा अँपियर लागतात, आणि इन्व्हर्टरची स्वतःची दलाली धरून सुमारे १५. दाब जितका कमी, तितका प्रवाह जास्त. त्यात मोटार सुरू होताना घटकाभर दुप्पट प्रवाह ओढते, म्हणजे ३० अँपियर. प्रवाह जायला रस्ता हवा, आणि तारेची जाडी म्हणजे त्या रस्त्याची रुंदी. बोनेट उघडून पाहा. बॅटरीपासून सेल्फपर्यंत गेलेली तार बोटाएवढी जाड असते, कारण गाडी सुरू होताना सेल्फ शंभर-दोनशे अँपियर खातो. गाडी बनवणाऱ्याने तांबे हौसेने वापरलेले नसते.

दाब वाटेत हरवतो म्हणजे जातो कुठे? उष्णता होऊन तारेतच राहतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हा नियम जेम्स जूलने १८४१ साली सांगितला. माझ्या तारेत यंत्र चालू राहिले असते तर सुमारे ३० वॅटची उष्णता निर्माण झाली असती, म्हणजे एक लहानशी सोल्डरिंगची इस्त्रीच, आणि तीही आबांच्या सीटखाली.

पण चाचांना खरा राग आला तो याहून वेगळ्या गोष्टीचा. त्यांनी ती पत्र्याच्या भोकातली तार ओढून दाखवली. पाच दिवसांत प्लॅस्टिक घासून तांबे दिसू लागले होते. "फ्यूज कुठंय?" त्यांनी विचारले. फ्यूज नव्हता. उघडे तांबे पत्र्याला टेकले असते, तर बॅटरीने शेकडो अँपियर त्या तारेत ओतले असते आणि ती शेगडीच्या कॉइलसारखी लाल झाली असती. मी त्या मोटारीत सासऱ्यांना, पत्नीला आणि मुलाला बसवून पाच तासांच्या प्रवासाला निघणार होतो. यंत्र चालले नाही हा त्या रात्रीचा दुर्योग असेल. पण ते चालले असते तर मी त्या तारेकडे पुन्हा कधी पाहिलेही नसते, ही गोष्ट मला अजून झोपेतून उठवते.

चाचांनी मग जे केले ते क्रमाने सांगतो. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक केसांसारख्या अनेक तंतूंची तार त्यांनी घेतली. एकसंध जाड तार गाडीच्या हादऱ्याने तुटते. तंतूंची तार वाकते पण टिकते. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा त्यांनी बॅटरीपासूनच ओढल्या. टोकांना थिंबल बसवून ती पक्कडीने दाबली, पिळून बांधली नाहीत. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपियरचा फ्यूज घातला. ते म्हणाले, "फ्यूज यंत्रासाठी नसतो सर, तारेसाठी असतो." पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवले. मग पुन्हा मीटर लावला. यंत्र सुरू होताना इन्व्हर्टरपाशी १३.१ व्होल्ट. चारांच्या जागी अर्ध्या व्होल्टचा वाटखर्च. यंत्र पहिल्याच बटणाला घर्र करून सुरू झाले आणि मास्कमधून पांढरी वाफ आली.

मी पैसे विचारले. जाड तारेची किंमत फराळाच्या एका भल्या डब्याइतकी झाली. मी त्या रात्री एवढ्या पैशांवर काय लावले होते, याचा हिशेब करायचे धाडस मला झाले नाही.

घरी आल्यावर, शिक्षकाच्या जातीला अनुसरून, मी या विषयावर वाचायला घेतले आणि माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनीही हीच चूक केल्याचे पाहून थोडा धीर आला. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळातून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी पहिली तार टाकली गेली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, सांगत होता की इतक्या लांब अंतराला तांबे जाड आणि शुद्ध हवे. कंपनीचा विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस याला ते पटले नाही. सागरी मैलाला १०७ पौंड तांब्याची तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा शंभराहून कमी शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले! मग व्हाइटहाउसने, संदेश जात नाहीत म्हणून, दाब वाढवून दोन हजार व्होल्टपर्यंत नेला, आणि महिन्याभरात तार कायमची मुकी झाली. १८६६ साली जी तार यशस्वी झाली तिच्यात सागरी मैलाला ३०० पौंड तांबे होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विसरणे शक्य नाही. बोलणारा राजा असो की राणी, मधली तार बारीक असली की शब्द पोचत नाहीत.

आता ज्यांच्या मोटारीत जादा दिवे, हवा भरायचा पंप, गाण्यांचा ॲम्प्लिफायर, लहान फ्रिज किंवा आमच्यासारखे एखादे औषधाचे यंत्र बसवायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. बाजारात तारेचा 'गेज' विचारला की घोटाळा होतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, कारण पूर्वी तार एकामागून एक लहान भोकांतून ओढीत, आणि जितक्या वेळा ओढली तितका आकडा वाढे. शिवाय १८८४ साली ठरलेला ब्रिटिश गेज वेगळा आणि अमेरिकन वेगळा. ब्रिटिश १० नंबरची तार ८.३ चौरस मिलिमीटर भरते, तर अमेरिकन १० नंबरची फक्त सव्वापाच. म्हणून नंबर विचारू नये, चौरस मिलिमीटर विचारावे.

किती जाड घ्यावी याचा १२ व्होल्टसाठी सोपा हिशेब असा: तार किती मीटर लागणार ते जाण्यायेण्याचे मिळून मोजावे, त्याला अँपियरने गुणावे आणि ३० ने भागावे. जो आकडा येईल त्याच्या वरची तार घ्यावी. वाटखर्च अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतो. आमचे अंतर दोन्ही बाजूंनी ८ मीटर आणि प्रवाह ३० अँपियर. गुणाकार २४०, भागाकार ८. त्यावरची बाजारात मिळणारी तार १० ची. दहा अँपियरचे दिवे असते तर ४ ची पुरली असती. अँपियर काढायचे तर वॅटना १२ ने भागावे आणि इन्व्हर्टर असल्यास थोडे वाढवून धरावे.

तिसरी गोष्ट, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या नावाने विकली जाते. टोक चाकूने खरवडून पाहावे; आत पांढरे दिसले तर परत करावी. ती हलकी असते, जाडी तीच असूनही कमी प्रवाह नेते आणि जोडावर तापते. चौथी गोष्ट, फ्यूज विसरू नये आणि तो बॅटरीजवळच असावा. जाड तारेला तर तो अधिकच हवा, कारण बिघाड झाला तर जाड तार अधिक प्रवाह नेते. आणि काम झाल्यावर परीक्षा घ्यायची ती खऱ्या यंत्राने घ्यावी, मोबाइलच्या चार्जरने नव्हे. वर्गात हुशार मुलाला सोपा प्रश्न विचारून सगळा वर्ग तयार आहे असे समजण्यासारखे ते होते, आणि ही चूक मी तरी करायला नको होती.

आम्ही धनत्रयोदशीला दुपारी, डॉक्टरांची परवानगी घेऊन निघालो. मालेगावच्या अलीकडे आबांना थोडा दम वाटू लागला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवले. सौभाग्यवतींनी बटण दाबले. यंत्र चालू झाले आणि पंधरा मिनिटे एकसारखे चालले. कोणी काही बोलले नाही. रस्त्याकडेच्या गावात पणत्या लागत होत्या.

वाफ घेऊन झाल्यावर आबांनी मास्क काढला, वाकून सीटखाली हात घातला आणि ती जाड तार चाचपली. विहिरीवरची केबल तपासावी तशी, दोन ठिकाणी. मी आरशातून पाहत होतो. सौभाग्यवतीही पाहत होत्या.

"थंड आहे," ते म्हणाले. "चला, जावईबापू."